वृद्धाश्रम बांधायला पैसा मिळतो, चालवायला कुठून आणायचा?

आमच्या संस्थेच्या टेबलावर एक लांबट वही असते. वर्षाचे ३६५ दिवस, प्रत्येक तारखेपुढे एक ओळ. कुणाच्या वडिलांची पुण्यतिथी, कुणाच्या नातीचा पहिला वाढदिवस, कुणाच्या लग्नाची पन्नाशी. त्या दिवशीचं आजी-आजोबांचं गोड जेवण त्या घराकडून. पितृपंधरवड्याची पानं इतकी गच्च भरतात की एकेका तारखेपुढे तीन-तीन नावं येतात, आणि सर्वपित्रीला फोन करणाऱ्यांना दुसरी तारीख घ्या म्हणून विनवावं लागतं. ज्येष्ठ-आषाढातली पानं मात्र बरीचशी कोरी राहतात.

मी या संस्थेचा खजिनदार. वही माझ्याकडे असते, म्हणून लोकांचं प्रेम मला रोज दिसतं. ते खरं आहे. पण इतक्या वर्षांत त्या वहीत 'रात्रपाळीच्या मावशींचा पगार' अशी ओळ कुणी आपणहून लिहिलेली मला आठवत नाही.

रात्रपाळी म्हणजे काय ते सांगतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाडावर आणि टाचांना जखमा होतात. एकदा झालेली जखम महिनोन्‌महिने भरत नाही. आमच्या खालच्या खोलीत भिंतीला एक तक्ता लावलाय. सकाळी गेलो की मी आधी तो वाचतो: १२ डावी, २ पाठ, ४ उजवी, ६ डायपर बदलला. समोर मावशींची सही. वृद्धाश्रमाचं खरं काम त्या तक्त्यावर असतं, आणि त्यासाठी पैसा उभा करणं सगळ्यात अवघड.

कमी पैशांत ज्येष्ठांना राहता येईल आणि कुणीतरी हाताला धरून आंघोळ घालेल, औषध देईल, भरवेल अशी घरं आपल्याकडे फार थोडी आहेत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ९.९ टक्के लोक साठीपुढचे होते, म्हणजे एक कोटीहून जास्त. तेव्हापासून हा आकडा वाढतच गेलाय. ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांच्यासाठी पुण्यात, नाशकात, नवी मुंबईत ज्येष्ठांचे गृहप्रकल्प उभे राहताहेत. मी लिहितोय ते ज्यांना असं घर विकत घेता येत नाही त्यांच्याबद्दल, आणि त्यांच्यासाठी काहीतरी करावं असं मनात असणाऱ्यांसाठी.

दोन वेगळे खिसे

पहिली गोष्ट समजून घ्यायची ती ही. अशा घराला दोन प्रकारचा पैसा लागतो. एक उभारणीचा: जमीन, इमारत, लिफ्ट, पलंग, जनरेटर. दुसरा चालवण्याचा: पगार, किराणा, वीज, औषधं, डायपर. उभारणीचा पैसा एकदाच लागतो. चालवण्याचा दर महिन्याच्या एक तारखेला लागतो, आणि घर आहे तोवर लागतच राहतो. देणाऱ्यांपैकी बहुतेकांना पहिल्या खिशात टाकायला आवडतं. तिथे फीत कापता येते, भिंतीवर संगमरवरी पाटी लागते, फोटो निघतो. यात वाईट काही नाही. पण संस्था अडचणीत येतात त्या दुसऱ्या खिशापायी.

कागदावर एक हिशेब मांडून बघू. हा नमुना आहे. गावानुसार आकडे बदलतील.

समजा तीस जणांचं घर आहे आणि त्यातले आठ अंथरुणावर आहेत. माणशी रोजचे १०० रुपये धरले तर महिन्याचं जेवण ९०,०००. सांभाळणाऱ्या आठ मावशी आणि ब्रदर, प्रत्येकी १४,००० म्हणजे १,१२,०००. एक नर्स २२,०००. स्वयंपाकाच्या दोघी २४,०००. वीज, पाणी, गॅस ३५,०००. आठ जणांना दिवसाला तीन डायपर, एकाचे ३० रुपये, म्हणजे २१,६००. औषधं आणि डॉक्टरांच्या फेऱ्या ३०,०००. दुरुस्ती, रिक्षा, किरकोळ १५,४००. बेरीज साडेतीन लाख. माणशी महिन्याला साधारण ११,७०० रुपये.

आता जमेची बाजू. दहा जण प्रत्येकी १५,००० देतात, दहा जण ८,००० देतात, आणि उरलेल्या दहांकडे सरकारी पेन्शनपलीकडे काही नाही. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १,५०० रुपये मिळतात, म्हणजे दिवसाला पन्नास. तेवढेच ते देतात. सगळे मिळून २,४५,०००. महिन्याची तूट १,०५,०००, वर्षाची १२ लाख ६० हजार.

ही तूट दरवर्षी येणार, हे गृहीत धरूनच पुढचं सगळं वाचा. पैशाच्या प्रत्येक वाटेला एकच प्रश्न विचारायचा: हा पैसा कुठल्या खिशात जातो?

सरकारकडून काय येतं

आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा २००७ साली झाला. त्याच्या कलम १९ मध्ये दर जिल्ह्यात निदान एक, किमान दीडशे निराधार ज्येष्ठांना सामावून घेणारा वृद्धाश्रम काढण्याची गोष्ट आहे. पण तिथली भाषा 'काढू शकेल' अशी आहे, 'काढलाच पाहिजे' अशी नाही. त्या एका क्रियापदामुळे ते कलम हक्क म्हणून मागायला लोकांच्या फारसं कामी आलं नाही.

केंद्राच्या अटल वयो अभ्युदय योजनेत ज्येष्ठांची निवासगृहं चालवणाऱ्या संस्थांना अनुदान मिळतं. निदान पंचवीस निराधार ज्येष्ठ, संस्थेचं काही वर्षांचं काम, नीट ऑडिट अशा अटी असतात. याची मोठी जमेची बाजू म्हणजे हा पैसा दुसऱ्या खिशातला आहे, चालवायचा. पण तो कागदपत्रं तपासून हप्त्यानं येतो, आणि तोवर किराणावाला थांबत नाही. म्हणून अनुदानावर घर चालवायचं तर निदान सहा महिन्यांचा खर्च हाताशी ठेवूनच. राज्याच्या समाजकल्याण खात्याचीही जुनी अनुदान योजना आहे, आणि नव्वदच्या दशकात मातोश्री वृद्धाश्रमांची योजना आली. काही जागा मोफत आणि काही पैसे भरणाऱ्यांच्या, ही त्यातली कल्पना मला आजही शहाणपणाची वाटते. गोव्यात तर पोर्तुगीज काळापासूनची प्रोव्हेदोरिया ही सरकारी संस्थाच वृद्धाश्रम चालवते.

खासदार निधीतून टिकाऊ मालमत्ता होते, पगार भागत नाहीत. पहिला खिसा.

आयुष्मान भारतचं कार्ड २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्नाची अट न घालता मिळू लागलं. वर्षाला पाच लाखांपर्यंतचा दवाखान्यातला खर्च त्यातून होतो. आमच्याकडे आलेल्या प्रत्येकाचं कार्ड पहिल्या आठवड्यात काढायचं असा शिरस्ता आहे. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, तिथेही आम्ही जातो. न झालेला खर्च हीसुद्धा कमाईच. पण खुब्याचं ऑपरेशन करून आजी परत आल्या की पुढचे तीन महिने त्यांना उचलून बसवायचं, त्याचा पैसा कुठल्याच कार्डावर नाही.

कंपन्यांचा सीएसआर

सीएसआर म्हणजे कंपन्यांनी कायद्यानं सामाजिक कामावर करायचा खर्च. सगळ्यात जास्त गैरसमज याबद्दल आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा नफा ५ कोटींच्या वर आहे, तिला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. कोणत्या कामांवर, त्याची यादी अनुसूची ७ मध्ये आहे, आणि तिच्यात वृद्धाश्रम आणि ज्येष्ठांची दिवसा सोय करणारी केंद्रं स्पष्ट शब्दांत आहेत. त्यामुळे 'आमच्या यादीत बसत नाही' असं कुणी म्हणालं तर नम्रपणे अनुसूची दाखवा.

संस्थेकडे आयकर खात्याची १२ए (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी हवी, तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव हवा, आणि एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ हा फॉर्म भरून मिळणारा नोंदणी क्रमांक हवा. तीन वर्षांची अट नव्या संस्थांना कळते ती बहुतेक वेळा कंपनीच्या दारात उभं राहिल्यावर.

पुढचा मुद्दा जास्त महत्त्वाचा. २०२१ च्या बदलांनंतर सीएसआरचा पैसा संस्थेच्या कायम निधीत टाकता येत नाही. म्हणजे 'एक कोटी द्या, आम्ही ठेवीत ठेवून व्याजावर घर चालवतो' असं कंपनीला म्हणता येत नाही. प्रकल्पही सुरुवातीचं वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षांचा. मुदत संपली की नवा अर्ज, कदाचित नवा अधिकारी, नवी आवड. एखादी कंपनी तीन वर्षं पगार देते, त्या भरवशावर संस्था वीस जणांचे तीस करते, आणि चौथ्या वर्षी वाढलेले दहा जण घेऊन बसते. त्या दहांना तर कुठे पाठवता येत नाही. म्हणून माझं मत असं: सीएसआरमधून लिफ्ट, सौर पॅनेल, रॅम्प, रुग्णवाहिका घ्यावी. सौर पॅनेल तर जरूर, कारण ते पहिल्या खिशातून येऊन दुसऱ्या खिशाचं वीजबिल कमी करतं. पगार मागायचे झाले तर मावशींच्या प्रशिक्षणासह, ठरलेल्या मुदतीसाठी मागावेत, आणि त्या बळावर नवी माणसं घेऊ नयेत.

देणगीदार, पावती आणि एक पत्र

८०जीची पावती दिली की देणगीदाराला देणगीच्या निम्म्या रकमेवर, ठरावीक मर्यादेत, करसवलत मिळते. रोख दोन हजारांपेक्षा जास्त असेल तर मिळत नाही. पण हेही लक्षात ठेवायला हवं की ही सवलत जुन्या करप्रणालीतच आहे. २०२३-२४ पासून आपण काही निवडलं नाही तर नवी प्रणालीच लागू होते, आणि तिच्यात ही वजावट नाही. मार्चअखेरीला 'टॅक्समध्ये बसतं' म्हणून येणाऱ्या देणग्यांवर विसंबून अंदाजपत्रक करायचे दिवस त्यामुळे सरत आलेत.

मग तूट भरून काढायची कशी? सगळ्यात भरवशाची वाट म्हणजे कायम निधी. मुद्दल बँकेत, खर्च फक्त व्याजातून. आपल्या नमुन्यातली १२ लाख ६० हजारांची तूट सात टक्के व्याजानं भरायची तर १ कोटी ८० लाख लागतील. आकडा मोठा वाटतो. पण लहानशा गावात दोन मजली इमारत बांधायला लोक एवढा पैसा उभा करतातच. इमारत एक मजला कमी करून तो पैसा कायम निधीत ठेवला असता तर ती घरं आज अर्धी रिकामी नसती, असं मला कितीतरी ठिकाणी बघून वाटलंय. पगार दरवर्षी वाढतात, म्हणून सगळं व्याज खर्चून चालत नाही. थोडं मुद्दलात परत टाकावं लागतं.

इथे एक पत्र फार मोलाचं असतं. धर्मादाय संस्थेला वर्षाच्या उत्पन्नाचे ८५ टक्के कामावर खर्च करावे लागतात, नाहीतर कराचा प्रश्न येतो. यातून कायम निधीची देणगी वगळता येते, पण त्यासाठी देणगीदारानं तसं लेखी दिलेलं असावं लागतं. दोन वर्षांपूर्वी एक निवृत्त शिक्षिका पाच लाखांचा चेक घेऊन आल्या. मी कोरा कागद पुढे केला, त्यांनी शाळेतल्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'ही रक्कम मी संस्थेच्या कायम निधीसाठी देत आहे. हिचं फक्त व्याज खर्च करावं.' मग जरा थांबून विचारलं, "व्याजातून काय कराल?" मी म्हणालो, "रात्रपाळीच्या एका मावशींचा अडीच महिन्यांचा पगार निघेल, दरवर्षी." त्यांनी खाली तेही लिहून दिलं. ते पत्र मी लॅमिनेट करून ठेवलंय.

आणि ती जेवणाची वही? नमुन्यातल्या घराचं एका दिवसाचं जेवण ३,००० रुपयांचं आहे. वर्षाच्या प्रत्येक तारखेला एक घर मिळालं तर जवळपास ११ लाख होतात, म्हणजे बहुतेक तूट भरते. म्हणून आम्ही आता पितृपक्षात फोन करणाऱ्यांना विचारतो: "तुमच्या वडिलांच्या नावानं आषाढातला एक दिवस घ्याल का? किंवा एका आठवड्याची रात्रपाळी?" निम्मे लोक आनंदानं हो म्हणतात. त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

राहणाऱ्यांचे पैसे

जास्त देणाऱ्यांच्या पैशातून कमी देणाऱ्यांचं भागवणं हा परवडणाऱ्या वृद्धाश्रमाचा कणा आहे. पण पंगतीत कोण किती भरतो हे कुणाला कळता कामा नये. ताट तेच, पलंग तोच, खिडकीही नशिबानं मिळेल ती. धर्मादाय नोंदणी असलेल्या वृद्धाश्रमाला साठीपुढच्यांकडून राहणं, जेवण आणि देखभाल मिळून महिन्याला माणशी २५,००० रुपयांपर्यंत घेतल्यास जीएसटी लागत नाही. दर ठरवताना हे लक्षात ठेवावं.

परतीच्या अनामतीबद्दल मात्र सावध करतो. वीस जणांकडून तीन-तीन लाख घेतले की साठ लाख जमतात आणि हात शिवशिवतात: एक मजला चढवू. पण तो पैसा आपला नाही. एका हिवाळ्यात चार माणसं गेली तर पंधरवड्यात बारा लाख वारसांना द्यायचे असतात, आणि भिंती मोडून पैसे परत देता येत नाहीत. आमच्या मंडळाचा लेखी ठराव आहे की अनामत बँकेत ठेवायची, व्याज वापरायचं, मुद्दलाला हात नाही.

कर्जाचं थोडक्यात सांगतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ३६अ प्रमाणे विश्वस्तांना संस्थेसाठी कर्ज काढायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. आणि ज्या घराची दर महिन्याला तूट आहे ते हप्ते कशातून फेडणार? टाळावं.

परदेशातून

न्यू जर्सीतून किंवा लंडनमधून मराठी माणसाचा फोन येतो, "पैसे कुठे पाठवू?" उत्तर त्यांच्या पासपोर्टवर अवलंबून असतं. पासपोर्ट भारतीय असेल तर स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी धरली जात नाही. परदेशी नागरिकत्व घेतलं असेल, अगदी ओसीआय (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांचं) कार्ड असलं तरी, ती परदेशी देणगी होते आणि संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी लागते. त्या नोंदणीसाठी तीन वर्षांचं काम आणि त्या काळात निदान १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो. नोंदणी नसताना भिडेखातर असे पैसे घेऊ नका. नंतर होणारा त्रास फार मोठा असतो.

अशाच फोन करणाऱ्यांकडून अमेरिकेतली रचना समजून घेतली तेव्हा मला आपलं दुखणं जास्त नीट कळलं. तिथे १९५९ च्या गृहनिर्माण कायद्याच्या कलम २०२ खाली ६२ च्या पुढच्या, अगदी कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी ना-नफा संस्था घरं बांधतात. १९९० पासून त्यासाठी सरकार बिनव्याजी भांडवल देतं, आणि चाळीस वर्षं घर त्याच लोकांसाठी ठेवलं तर ते परत मागत नाही. शिवाय राहणारा आपल्या उत्पन्नाचे सुमारे तीस टक्के भाडं देतो आणि चालवण्याचा उरलेला खर्च वेगळ्या करारानं सरकार भरतं. बांधायला पैसे देतानाच चालवायचे कुठून येणार ते लिहिलेलं असतं. आंघोळ घालायचा, औषध द्यायचा खर्च मेडिकेड या कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेतल्या वेगळ्या तरतुदीतून येतो, आणि त्यातून राहण्या-जेवणाचे पैसे देता येत नाहीत. म्हणजे खिसे तिथेही वेगळे, आणि घर मिळायला रांगाही लांब. पण दुसरा खिसा आहे, हे तिथे कागदावर मान्य केलेलं आहे.

सुरुवात करणाऱ्यांसाठी

सीएसआर, अनुदान, एफसीआरए, सगळ्यांना आधी केलेलं काम दाखवायला लागतं. त्यामुळे पहिली तीन वर्षं स्वतःच्या आणि मित्रमंडळींच्या पैशावरच काढावी लागतात. एखादा तळमजल्याचा बंगला भाड्यानं घ्या, दहा-बारा माणसांपासून सुरू करा, पहिल्या दिवसापासून ऑडिट चोख ठेवा. या तीन वर्षांत आपल्याला माणसं सांभाळता येतात का, मावशी टिकतात का, हेही कळतं.

मग कुणीतरी येतं आणि गावाकडची दोन एकर देतो म्हणतं. आनंद होतोच. पण बक्षीसपत्र करण्याआधी सातबारा बघा. शेतजमीन असेल तर ती शेतकरी नसलेल्या संस्थेच्या नावावर घ्यायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि बांधकामासाठी बिगरशेतीचे सध्याचे नियम तपासावे लागतात. इतर हक्कांच्या रकान्यात बहिणींची नावं असतील तर त्यांना स्वतः जाऊन भेटा. आणि रात्री दोन वाजता रुग्णवाहिका तिथवर किती वेळात पोचते, ते एकदा गाडी घेऊन त्याच वेळेला जाऊन बघा.